उत्तरेच्या खिडकीतला निळा

भाद्रपद सरत आला की सकाळी उठल्यावर मी आभाळाकडे बघत नाही, समोरच्या भिंतीकडे बघतो. ठाण्यात खोपटला आमच्या खोलीसमोर एका घराची मागची बाजू येते. चुन्याची भिंत, पावसाळाभर ओल धरून काळवंडलेली. मग एखाद्या दिवशी तीच भिंत वेगळी दिसू लागते. कुणी ती धुतलेली नसते, रंगवलेली नसते. शेवाळ होते तिथेच असते. पण शेवाळाचा हिरवा, ओलीचा काळा आणि चुन्याचा पांढरा आपापल्या जागी नीट उभे राहिलेले असतात. त्या दिवशी चहा घेताना मी बायकोला सांगतो, "उजेड आला बरं का." ती म्हणते, "सकाळ झाली की येतोच तो."

तिचे म्हणणे खरे आहे. पण माझे पोट या उजेडावर चालते.

ठाण्यातल्या एका लोकरीच्या गिरणीत मी रंग जुळवतो. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवते, आमचे रंगखाते तसा रंग टाकीत उतरवते, आणि उतरलेला रंग पाठवलेल्या तुकड्यासारखा आहे की नाही, हे मी खिडकीत बसून सांगतो. ऐकणाऱ्याला हे काम इतके सोपे वाटते की तो लगेच विचारतो, "यासाठी बी.ए. लागतं?" लागत नाही. त्यातून मी बी.ए. झालो ते तत्त्वज्ञान घेऊन. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेले नव्हते, त्यामुळे कोणता विषय घ्यावा हे सांगणारेही कुणी नव्हते. मला प्रश्न आवडायचे, आणि त्या वर्गात प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावत नसे. एवढ्यावर मी तो विषय घेतला. ज्या बोर्डिंगाने मला फुकट ठेवून घेतले आणि ज्या प्राध्यापकांनी आपल्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, त्यांच्यामुळे तो पुराही झाला. पुढे त्याचे काय करायचे, हे मात्र त्यांनाही ठाऊक नसावे.

माझे वडील महाडला मामलेदार कचेरीत शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेर उभे राहण्यात त्यांची सगळी हयात गेली. माझ्या शिक्षणाचा त्यांनी एकच अर्थ लावला होता, की मुलगा बसून काम करील. नोकरी लागल्याचे सांगायला मी घरी गेलो तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती बसण्याची.

"बसायला काय आहे?"

"स्टूल आहे. उंच."

"पाठ टेकता येते?"

"नाही."

"असू दे," ते म्हणाले. "बसलास ना."

ही नोकरी मिळण्याची गोष्टही गमतीची आहे. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली होती, आणि माझ्यासारखे पुष्कळ बी.ए. दारोदार फिरत होते. मी गिरणीत गेलो होतो कारकुनाच्या जागेसाठी, आणि ती आदल्या दिवशीच भरली होती. परत निघालो तर रंगखात्याचे प्रमुख वाटेत भेटले. त्यांना सगळे नुसते मास्तर म्हणत. त्यांच्या हातात करड्या सुताच्या बऱ्याच लडी होत्या. त्यांनी मला आत नेऊन त्या माझ्यापुढे टेबलावर टाकल्या.

"लाव."

"कशा लावू?"

"तुला दिसतील तशा."

मी त्या फिक्यापासून गडदापर्यंत लावल्या. मध्येच दोन लडी सारख्याच गडद होत्या, पण एकीत थोडा तांबूसपणा होता. तिचे काय करावे ते कळेना, म्हणून मी ती रांगेबाहेर ठेवली. मास्तरांनी त्या बाहेरच्या लडीकडे बघितले आणि म्हणाले, "सोमवारी ये." तत्त्वज्ञानाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

आमची खिडकी उत्तरेला आहे. रंग बघायला उत्तरेचाच उजेड लागतो, कारण त्यात ऊन येत नाही. खिडकीजवळच्या भिंती मुद्दाम राखी रंगाच्या ठेवल्या आहेत. तिथे बसणाऱ्याने भडक कपडे घालायचे नाहीत. लाल बघून लगेच हिरवा बघायचा नाही, मध्ये राखी भिंतीकडे बघून डोळे निवू द्यायचे. टाकीतून काढलेला तुकडा ओला असतो आणि ओला रंग नेहमी गडद दिसतो, म्हणून तो वाफेच्या नळावर वाळवायचा. त्या वेळी ओल्या मेंढरासारखा एक वास सुटतो, त्यात आंबूस वाफ मिसळलेली असते, आणि तो वास संध्याकाळी घरापर्यंत सोबत येतो. पावसाळ्यात आमचे काम रखडते. उजेड मळलेला असतो, आणि दिवा लावून बघावे तर दिवा फसवतो. दिव्याखाली जुळलेले दोन रंग दारात नेले की एकमेकांचे कुणी लागत नाहीत. म्हणून आश्विनाचा उजेड हा आमचा सुगीचा काळ. तेव्हा रंगखात्यामागच्या गटारातून एक दिवस तांबडे पाणी वाहते, एक दिवस निळे, आणि खाडीकडून आलेले बगळे त्या रंगीत पाण्यात पाय बुडवून पांढरेशुभ्र उभे असतात.

त्या खिडकीत माझ्या आधीपासून तात्या बसत. गिरणी सुरू झाली तेव्हापासूनचे. डोंबिवलीहून यायचे. धोतर, काळी टोपी, बटणाचा पांढरा कोट, आणि स्वतःच्या डोळ्यांविषयी भलताच अभिमान. "एका काळ्यात मी तुला चार काळे दाखवीन," असे ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. माणसांचेही ते रंगच सांगत. मास्तर चिडले की म्हणत, "आज लाखी तांबडा झालाय, जवळ जाऊ नकोस." मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी बी.ए. होतो, आणि ते पुरे होते.

त्यांना भीती फक्त एका गोष्टीची होती, सुताच्या गोदामाची. आमच्या गिरणीत ज्याची नजर जाई त्याला काढून टाकत नसत, गोदामात लडी मोजायला पाठवत. तात्यांना ज्यांनी हे काम शिकवले ते गृहस्थ तिथेच गेले होते. गोदामाला खिडकी नाही. दिवसभर एक पिवळा दिवा जळत असतो. "तिथं माणूस सुतासारखा पांढरा पडतो," तात्या सांगत. "मला गाडायचंच असेल तर खिडकीखाली गाडा."

रंग ठरवायची आमची एक रीत आहे. ती कुणी घातली माहीत नाही, पण अजून चालते. आधी जुना माणूस दोन्ही तुकडे बघतो आणि काही न बोलता ते उलटे ठेवतो. मग नवा बघतो. त्यानेही बोलायचे नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही. मग जुना टेबलावर बोटाने टकटक करतो, आणि दोघांनी एकदम बोलायचे. रंग जुळला असेल तर 'उतरला', नसेल तर 'अजून'. दोघे 'उतरला' म्हणाले तरच माल पुढे जातो. एकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलू नये, म्हणून ही युक्ती.

मला ही रीत फार आवडली. कॉलेजात आम्ही एका प्रश्नावर कितीतरी तास घालवले होते. मला जे निळे दिसते तेच समोरच्यालाही दिसते कशावरून? दोघेही त्याला निळेच म्हणणार. मग फरक कळणार कसा? परीक्षेत मी यावर चांगली चार पाने लिहिली होती. आणि इथे तोच प्रश्न रोज टेबलावर ठेवून, टकटक करून विचारला जात होता.

"तात्या, तुम्हाला हा निळा कसा दिसतो?" मी एकदा विचारले.

"निळा दिसतो. आणखी कसा दिसणार?"

"तसं नाही. म्हणजे तुमच्या आत तो कसा वाटतो?"

"आतून, बाहेरून, खालून, वरून निळाच. हेच शिकवतात का रे तुम्हाला? आणि सरकार त्याला पैसे देतं?"

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पावसाने लवकर उघडीप दिली आणि उजेड लख्ख पडला. तुंबलेली सगळी कामे एकदम आली. रंगखात्यातला धर्मा, माजिवड्याचा, सकाळपासून फेऱ्या घालत असे. "तात्या, यो तुकरा बगा. मास्तर मानेवर बसलाय." आम्ही बघत असू, टकटक होत असे, आमचे दोन आवाज एका तोंडातून आल्यासारखे निघत असत. पण त्या दिवसांत निळ्यावर आमचे जमेना. मला एखादा निळा हिरव्याकडे झुकलेला दिसे आणि मी 'अजून' म्हणे, तर त्याच वेळी तात्या 'उतरला' म्हणालेले असत. तांबड्यात असे होत नव्हते, तपकिरीत होत नव्हते. फक्त निळ्यात. असे दोन-तीनदा झाल्यावर तात्या स्वतःच म्हणू लागले, "तू म्हणतोस तर परत टाका टाकीत. घाई कुणाला आहे?"

मला काय वाटावे? मला आनंद झाला. चार पाने लिहून जे सापडले नव्हते ते समोर बसले होते. तात्यांचा निळा आणि माझा निळा वेगळा होता! मी रोज काहीतरी घेऊन जाऊ लागलो. कुंपणावरचे गोकर्णाचे फूल नेले. शाईचा टिपकागद नेला. मोरपिसाचा डोळा नेला. "हे आणि हे सारखे का, तात्या? की हे जास्त निळे?" सुरुवातीला ते हसून उडवत. मग तुटक बोलू लागले. मग बोलेनासे झाले. मी आपला विचारतच होतो. त्यांचे धोतर त्या दिवसांत इतकी नीळ घातलेले असे की रंगखात्यातली माणसे म्हणत, "तात्या, टाकीत पडला होता की काय?" मलाही हसू यायचे. त्यात काही अर्थ असेल असे माझ्या डोक्यात आले नाही.

एके दिवशी काम सुटल्यावर ते म्हणाले, "चल, तळ्यापर्यंत येतोस?" मासुंद्याच्या काठी आम्ही बसलो. पाणी अजून काठोकाठ होते. ऊन कलले होते, आणि पलीकडच्या काठावर कुणी बाई हिरवे लुगडे पिळत होती. तात्या बराच वेळ तिकडे बघत होते.

"किती दिवस खेळवणार आहेस मला?" त्यांनी विचारले.

मला कळले नाही.

"फुलं आणतोस, पिसं आणतोस. रोज एक नवीन परीक्षा. माझं काय झालंय ते तुला कळलंय, तर सरळ जाऊन मास्तरला सांग. मांजर उंदराला खेळवतं तसं करू नकोस."

"तात्या, काय झालंय तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे वळून बघितले. मी खोटे बोलतो आहे का, ते शोधत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मी खरोखरच काही ओळखले नव्हते, हे त्यांना पटले, आणि त्यांना हसावे की रडावे ते कळेना.

"अरे देवा," ते म्हणाले. "तू खरंच विचारत होतास होय?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कल्याणच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितले होते, पण तो अजून पिकला नव्हता, आणि पिकल्याशिवाय काढत नाहीत. निदान एक डोळा थंडीपर्यंत होईल म्हणाले होते. तोवर कसेतरी निभवायचे, की गोदाम टळले. "तांबडा दिसतो, पिवळा दिसतो," तात्या म्हणाले. "निळाच कुठं जातो कळत नाही. तुकडा पुढ्यात असतो, आणि निळा त्यातून उठून गेलेला असतो."

"मी कुणाला सांगणार नाही."

"सांगू नकोस असं मी म्हटलं का?" ते उठले, धोतर झटकले. थोडे चालल्यावर म्हणाले, "सांग असंही नाही म्हटलं म्हणा."

त्यानंतर मला ऐकू येऊ लागले. निळा तुकडा आला की टकटक व्हायची, मी बोलायचो, आणि तात्यांचा आवाज माझ्यामागून अर्धा श्वास उशिरा यायचा. दुसऱ्या कुणाला तो उशीर कळला नसता. आम्ही दोघे आहोत असे सगळ्यांना वाटत होते, आणि मी एकटा होतो. मला कधी नव्हे ते रंगाचे ओझे वाटू लागले. दोघे बघतात तेव्हा चूक अर्धी-अर्धी वाटून जाते. एकटा बघतो तेव्हा डोळे मिटल्यावरही तुकडा दिसत राहतो. माझ्या पुस्तकांत बघणारा नेहमी एकटाच असायचा. टेबलाशी बसलेला, जगाकडे बघत असलेला एक माणूस. त्याला शेजारी का लागतो, हे कुणी लिहिलेले नव्हते.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा गडद निळ्या कोटाच्या कापडाचे मोठे काम आले. इतके मोठे की पहिला तुकडा घेऊन स्वतः मास्तर खिडकीत आले आणि आमच्या पाठीशी उभे राहिले. तात्यांनी बघितले, उलटे ठेवले. मी बघितले. मग राखी भिंतीकडे बघितले, आणि परत बघितले. जुळत होते. जुळत नव्हते. एका कुशीवर धरले की तोच, जरा फिरवले की कुठेतरी जांभळी झाक आल्याचा भास. खोटे सांगत नाही, मला ठरवता येईना. मी तुकडा उलटा ठेवला.

तात्यांनी टकटक केली.

मी बोललो नाही. तात्या माझ्यासाठी थांबले होते, आणि मी त्यांच्यासाठी. बाहेर धर्मा कुणाला तरी शिव्या घालत होता, तेवढाच आवाज. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा तात्यांकडे. "काय झालं? बोला."

मी 'उतरला' म्हटले असते तर तात्याही म्हणाले असते, आणि माल गेला असता. 'अजून' म्हटले असते तरी त्यांनी साथ दिली असती. दोन्ही शब्द तोंडाशी आले होते.

तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मास्तर, निळा मला उन्हाळ्यापासून धड दिसत नाही," ते म्हणाले. "हा एकटाच बघतोय. मी ह्याच्यामागून बोलतो. आज हा अडला, म्हणजे रंगच अडलाय. सोडू नका माल."

मास्तर लाखी झाले नाहीत. त्यांनी तुकडा उचलला, स्वतः दारात जाऊन बघितला, बराच वेळ बघितला, आणि धर्माला हाक मारून टाकी पुन्हा चढवायला सांगितली. दुसऱ्या खेपेला रंग उतरला तेव्हा पहिल्यातली जांभळी झाक कुणालाही दिसली असती. पण ते नंतर. त्या क्षणी मास्तर तात्यांना एवढेच म्हणाले, "दिवाळी होऊ दे. मग गोदामात बसा. डोळ्याचं होईपर्यंत."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर बघू."

थंडीत तात्यांचा उजवा डोळा झाला. मी डोंबिवलीला भेटायला गेलो. भात कापून झाले होते. कोपरच्या बाजूला शेतांतून नुसते खुंट राहिले होते, आणि खाडीवरून कोरडा वारा येत होता. तात्या ओटीवर बसले होते, भिंगासारखा जाड काचेचा चष्मा लावून, आणि काकूंशी भांडत होते.

"विचारा ह्यांना," काकू मला म्हणाल्या. "वर्षभर रोज ऐकवलं, धोतर पिवळं दिसतं, नीळ घाल, नीळ घाल. मी घालत गेले. आता म्हणतात, धोतर आहे की आभाळ? माणसानं करावं तरी काय?"

"तू घातलीस किती, ते बघ ना," तात्या म्हणाले. मग मला जवळ बोलावून त्यांनी उजवा डोळा झाकला. "हा जुना. ह्यातून सगळं चहा सांडल्यासारखं दिसतं. तू, ही भिंत, ही बाई." मग डावा झाकला. "आणि हा नवा. ह्यात निळ्याच्याही पुढं काहीतरी दिसतं." डोळे आलटून पालटून झाकत किती वेळ बसले. काकू हसत आत गेल्या. "रोज असंच चाललेलं असतं," त्या आतून म्हणाल्या.

पौषात ते कामावर आले आणि मास्तरांनी शब्द पाळला. खिडकीत त्यांना बसवले आणि निळ्याचे दोन तुकडे पुढे ठेवले. ते आधीच ठरलेले होते, मी आणि मास्तर दोघांनी 'उतरला' म्हटलेले. मी पुन्हा बघितले. टकटक झाली.

"उतरला," मी म्हणालो.

"अजून," तात्या म्हणाले. एकाच वेळी. अर्धा श्वासही मागे नव्हता.

दुसरी जोडी ठेवली. तिसरी ठेवली. प्रत्येक वेळी तात्यांना त्यात फरक दिसत होता, आणि तो आम्हाला कुणालाच दिसत नव्हता. धर्मालाही बोलावून विचारले. "सारकाच हाय," तो म्हणाला. तात्यांनी तुकडे खाली ठेवले. मला वाटले आता भांडतील. पण ते स्वतःशीच हसले.

"गिऱ्हाइकाला असा डोळा नाही," ते म्हणाले. "मग माझा काय उपयोग?"

हे वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा मनात घोळवले आहे. आमच्या कामात कमी दिसून चालत नाही, तसे जास्त दिसूनही चालत नाही. सगळ्यांना दिसते तेवढेच आणि तसेच दिसावे लागते. माझे शिक्षण या कामाच्या उपयोगाचे नाही असे लोक म्हणतात, आणि मी वाद घालत नाही. पण मी दुसरे काही शिकलो असतो तर त्या दिवशी फक्त एवढेच समजलो असतो, की तात्यांचा चष्मा चुकीच्या नंबरचा आहे.

मी त्यांना गोदामापर्यंत सोडायला गेलो. फुलापिसांच्या दिवसांनंतर मी त्यांना तसला प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि वाटेतही विचारला नाही. दाराशी आल्यावर आत तो पिवळा दिवा दिसला. तात्या थांबले आणि मागे वळून गिरणीच्या कौलांवरच्या आभाळाकडे बघत राहिले. मीही बघितले. हिवाळ्यातली दुपार, एक घार, बाकी मोकळे.

"तुला तिथं नुसतं आभाळच दिसत असेल, नाही?"

"हो."

"च्च," तात्या म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझी कीव करत थोपटले, आणि आत गेले.